पितळी माशाची सोडत

कुलूप लावायला अक्कल लागत नाही, उघडायला लागते, असं कुलूपकाका नेहमी म्हणायचे. हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की जिन्यात ते दिसले की शेजारी आधीच मान डोलवायला लागत. पुढे ज्या आठवड्यात हे वाक्य काकांच्याच अंगावर आलं, त्या आठवड्यात मात्र त्यांनी ते एकदाही उच्चारलं नाही. काकूंनी तेवढं उच्चारलं, आणि तेही भांडी घासता घासता, पाठमोऱ्या.

काकांना जुनी कुलपं जमवायचा नाद होता. घरातली धाकटी खोली कुलपांची होती. एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड फळ्यांची मांडणी आणि तिच्यावर लोखंडी, पितळी, चपटी, गोल, पोट सुटलेली, गंजून मुकी झालेली कुलपं ओळीने बसलेली. सगळ्यांच्या मधोमध, छोट्याशा गादीवर, काकांचा जीव की प्राण: पितळी मासा. अंगावर खवले कोरलेले, डोळ्यांच्या जागी दोन तांबडे खडे. त्याची शेपूट दाबली की कडी खटकन आत बसायची, बंद करायला किल्ली लागायचीच नाही. उघडायला मात्र त्याचीच किल्ली हवी. शहरातल्या कुलूप संग्राहक मंडळातल्या प्रत्येकाने या माशापुढे आपली हत्यारं परजून पाहिली होती आणि प्रत्येकजण मान खाली घालून घरी गेला होता.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण नात शाळेसाठी आजी-आजोबांकडे राहायला येणार असं ठरलं. मुलीचा फोन आला तेव्हा काका इतके हरखले की त्यांनी जावयाला परस्पर सांगून टाकलं, नातीचा पलंग माझ्याकडून, तुम्ही त्यात पडायचं नाही. फोन ठेवल्यावर काकूंनी दोनच गोष्टी विचारल्या. पलंग कुठे ठेवणार, आणि कशातून आणणार. पहिल्याचं उत्तर धाकटी खोली हे होतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला काकांनी दुपारपर्यंत मुदत मागितली.

मुदतीच्या ठेवीला हात लावायचा नाही हा घरातला नियम काकांनीच केला होता, त्यामुळे तो मोडायची सोय नव्हती. राहिली कुलपं. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला काकांनी घरी बोलावलं. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "पितळ आणि लोखंड वेगळं करून ठेवलंय का?" त्याला काकांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

अशा वेळी माणसाने शांत बसावं. पण वरच्या मजल्यावर विमावाले राहत होते. सगळी हयात विम्याच्या पॉलिसी विकण्यात घालवलेला हा गृहस्थ निवृत्त झाल्यापासून कुणाला काय विकावं या विवंचनेत होता. त्यांनी जिन्यातच काकांना धरलं आणि मुलांना गणित समजवावं तसं समजावलं. अख्खा मासा घ्यायची ऐपत एकाचीही नाही. पण माशाची आशा घ्यायची ऐपत सगळ्यांची आहे. मग आशा विका. चिठ्ठ्या करा, प्रत्येक चिठ्ठीला थोडेसे पैसे, रविवारी सोडत. ज्याचं नाव निघेल त्याला मासा, तुम्हाला पलंग.

काकांना हे पटलं. ऐकताना असल्या गोष्टी नेहमीच पटतात. पैसे भरून काढलेल्या सोडतीत सगळे कसे जिंकतात हे सांगणारा माणूस लगेच भेटतो. हरणारे कुठे जातात ते तो सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

चिठ्ठ्या विकायचं काम विमावाल्यांनी अंगावर घेतलं आणि आठवड्याच्या आत मंडळातच काय, मंडळाबाहेरही विकल्या. न्हाव्याला विकल्या, दूधवाल्याला विकल्या, ज्यांच्या घराच्या दाराला धड कडी नाही त्यांनाही विकल्या. नंतर कळलं की जुन्या सवयीने त्यांनी प्रत्येकाला नंबर न लागल्यास मुदतीनंतर पैसे परत, शिवाय बोनस, असं सांगितलं होतं. काकांनी जाब विचारला तेव्हा ते म्हणाले की बोनसचं नाव काढल्याशिवाय त्यांच्या तोंडून वाक्यच पुरं होत नाही.

इकडे काकांच्या मनात भलतंच सुरू झालं होतं. संध्याकाळी ते माशासमोर खुर्ची टाकून बसत आणि त्या तांबड्या डोळ्यांत त्यांना आपण विश्वासघातकी दिसत. शेवटी त्यांनी एक चिठ्ठी स्वतःच विकत घेतली. मग एकीने काय होणार म्हणून दुसरी. मग तिसरी. आपलीच वस्तू आपल्यालाच लागावी म्हणून माणूस आपलेच पैसे आपल्यालाच देत होता.

ही बातमी डॉक्टरांच्या कानावर गेली. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, मंडळाचे अध्यक्ष आणि काकांचे गेल्या कित्येक वर्षांचे प्रतिस्पर्धी. लोकांच्या तोंडात बघून बघून त्यांना सगळीकडेच कीड दिसायची. ते तडक घरी आले, चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाले, "काका, परीक्षा तुम्हीच घेणार, पेपर तुम्हीच काढणार आणि पहिल्या बाकावर तुम्हीच बसणार? बाकीच्यांनी काय नुसती शाई आणायची?"

काकांचा चेहरा उतरला. आयुष्यात त्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी आपल्या चिठ्ठ्या तिथल्या तिथे फाडल्या आणि सांगितलं, सगळ्या चिठ्ठ्या, सगळे पैसे तुमच्यासमोर एका पेटीत बंद करतो, रविवारी तुमच्यासमोरच उघडतो.

पेटी काकूंची निघाली. त्यांच्या आईने त्यांना दिलेली, काळपट लाकडाची, लोखंडी पट्ट्या मारलेली, लोकर आणि विणायच्या सुया ठेवायची. मागे एकदा तिच्या बिजागऱ्या खिळखिळ्या झाल्या होत्या तेव्हा काकांनी त्या तात्पुरत्या म्हणून दुरुस्त करून दिल्या होत्या. काकूंनी लोकर काढून पेटी दिली, पण एका अटीवर: जशी देतेय तशी परत पाहिजे, एक ओरखडा चालणार नाही. काकांनीही मोठ्या रुबाबात एक अट घातली. म्हणाले, आजपासून रविवारपर्यंत तू या पेटीला बोटसुद्धा लावायचं नाहीस, घरच्या माणसाचा हात लागला असं कुणी म्हणायला नको. काकू बरं म्हणाल्या. काकूंचं बरं दोन प्रकारचं असतं आणि हे दुसऱ्या प्रकारचं होतं.

मंडळी जमली. आधी किल्ली आत गेली. मंडळाची रीतच तशी होती: कुलपाचा हातबदल व्हायचा असला की कुलूप आणि किल्ली एका हातात ठेवायची नाहीत, नाहीतर मालक गुपचूप दुसरी किल्ली करून घेईल. म्हणून माशाची किल्ली पाकिटात घालून, पाकिटावर लाख लावून डॉक्टरांनी स्वतः पेटीच्या तळाशी ठेवली. तिच्यावर पैसे. त्यावर चिठ्ठ्या. झाकण बंद झालं आणि खरा प्रश्न उभा राहिला: पेटीला कुलूप कुणाचं?

प्रत्येकाने आपापलं पुढे केलं आणि प्रत्येकाचं नामंजूर झालं. कारण साधं होतं. हे सगळे कुलपांचे दर्दी. बैठकीत चहा येईपर्यंत वेळ जावा म्हणून एकमेकांची कुलपं उघडत बसणारी माणसं. डॉक्टरांचं कुलूप मंडळातल्या सुताराने मागेच टाचणीने उघडलं होतं. सुताराचं डॉक्टरांनी दात कोरायच्या आकड्याने. एकाचं तर नुसतं हलवल्यावर उघडायचं. वाद तापला, आवाज चढले, कुणी कुणाला काय म्हणालं ते इथे सांगण्यासारखं नाही. आणि मग काकांना सुचलं. अख्ख्या शहरात जे कुलूप किल्लीशिवाय कधीच कुणाला उघडता आलं नाही, ते तर समोरच गादीवर बसलंय.

सगळ्यांना एकदम पटलं. काकांनी मासा उचलला, कोयंड्यात अडकवला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि शेपूट दाबली. खटकन आवाज झाला. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या. आता साक्षात यम आला तरी ही पेटी उघडायचा नाही, असं विमावाले म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

मंडळी गेल्यावर काकूंनी कप गोळा करता करता सहज विचारलं, "रविवारी उघडणार कशाने?"

"किल्लीने," काका म्हणाले.

"ती कुठाय?"

काकांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर पेटीकडे गेली. कुलूप उघडायला किल्ली पाहिजे, किल्ली पेटीत, पेटी उघडायला कुलूप उघडलं पाहिजे. शाळेतल्या लहान मुलालाही हे फळ्यावर तीन रेघा काढून दाखवता येईल. पण इतक्या जाणत्या माणसांच्या एकाही डोक्यात ते आलं नव्हतं, कारण प्रत्येकाचं सगळं लक्ष शेजारचा लबाडी कशी करील याच्याकडे होतं.

पुढचे दिवस काकांनी माशाशी बोलण्यात घालवले. प्रेमाने घालवले, रागाने घालवले. तेल सोडलं. कान लावून ऐकलं. काकू समोर बसून विणत होत्या. एकदा काकांनी त्यांना जरा पेटी धरायला सांगितली, तर म्हणाल्या, "मी कशी धरू? बोट लावायचं नाही ना?" आणि पुढचा टाका घातला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे इमारतीचे सेक्रेटरी उगवले. जिन्यात लावलेली सोडतीची जाहिरात त्यांनी वाचली होती. पैसे घेऊन सोडत काढायला परवानगी लागते, परवानगीचा कागद दाखवा, नाहीतर जाहिरात उतरवा. काकांनी आयुष्यात कधी लाल सिग्नल तोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी परवानगीची कचेरी उघडायच्या आधीच ते दारात हजर होते.

खिडकीवरच्या बाई शांतपणे ऐकून घेणाऱ्या होत्या, हेच काकांचं दुर्दैव. त्यांनी सांगितलं की पैसे घेऊन सोडत काढणं हा परवानगीशिवाय जुगार होतो. परवानगी फक्त नोंदणी झालेल्या मंडळाला मिळते. नोंदणी करायची तर मंडळाने आधी काही कार्यक्रम केलेला दाखवावा लागतो. आणि कार्यक्रम करायला परवानगी लागते. एवढं सांगून त्या पाणी प्यायल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, काका, तुम्ही चांगल्या घरचे दिसता. रविवारपर्यंत सगळ्यांचे पैसे परत करा, मी काही ऐकलं नाही. फुकट चिठ्ठ्या काढायच्या तर दिवसभर काढा. पैसे घेऊन नको.

"परत करायला माझी ना नाही," काका म्हणाले. "पण पैसे पेटीत आहेत."

"मग पेटी उघडा."

"कुलूप आहे."

"कुणाचं?"

"माझंच."

"आणि किल्ली?"

काकांनी खाली बघून सांगितलं. बाईंनी पेन ठेवलं, बाजूच्या खिडकीवरच्या माणसाला हाक मारली आणि काकांना म्हणाल्या, जरा पुन्हा एकदा सांगा, अगदी पहिल्यापासून. काकांनी सांगितलं. मग साहेबांनी आत बोलावलंय म्हणत शिपाई आला, तिथेही सांगितलं. परत येताना रांगेतली माणसं बाजूला सरून त्यांना वाट करून देत होती. असा मान काकांना चाळीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता, आणि या वयात तो नको होता.

रविवार उजाडला. आता गोष्ट साधी राहिली नव्हती. सोडत काढली तर जुगार, नाही काढली तर फसवणूक, आणि दोन्हीपैकी काहीही करायचं तरी पेटी उघडायला हवी. संध्याकाळच्या गाडीने नात येणार होती. पलंगाचा पत्ता नव्हता. ज्याने आयुष्यभर कुणाचा रुपया बुडवला नाही त्या माणसाच्या घरात सगळ्या ओळखीच्यांचे पैसे अडकून पडले होते.

बैठकीच्या खोलीत दोन तट पडले. एक कुलूपवाद्यांचा: पेटी फोडा, कुलपाला हात लावू नका. दुसरा पेटीवाद्यांचा: कुलूप कापा, पेटीचं नुकसान नको. पण पेटी फोडायला काकूंची मनाई, आणि त्या दारातच विणकाम घेऊन उभ्या. कुलूप कापायचं तर चिठ्ठी घेतलेला प्रत्येक माणूस स्वतःला माशाचा भावी मालक समजत होता. डॉक्टर आकडे घेऊन पुढे झाले तसा सुतार आडवा आला, माझ्या माशाला हत्यार लावाल तर याद राखा. सुताराने टाचणी काढली तसे डॉक्टर ओरडले. न्हावी म्हणाला, शेपूट तरी माझी आहे, तिला धक्का नको. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावून आणलं, तर त्याने माशाकडे पाहिलं, भोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि दुकान उघडं टाकून आलोय म्हणत जो गेला तो परत आला नाही. विमावाल्यांच्या मते अशा प्रसंगांसाठीच एक चांगली पॉलिसी होती.

काका कोपऱ्यात बसून होते. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि तेच त्यांना लागत होतं. शेवटी ते उठले. सगळ्यांच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेले.

"तुला काही सुचतंय का गं?"

काकूंनी सुया हलवायच्या थांबवल्या.

"आत्ता विचारताय होय," त्या म्हणाल्या. "बोट लावू का?"

"लाव."

त्या पुढे आल्या. माशाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पेटी धरून तिचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि पाठ लोकांकडे केली. मग विणायची सुई बिजागरीच्या भोकाला टेकवली आणि स्वयंपाकघरातून आणलेल्या उलथन्याच्या दांड्याने दोनदा ठोकली. दुसऱ्या बाजूने एक गंजकी तार बाहेर डोकावली. त्यांनी ती चिमटीत धरून ओढून काढली आणि काकांच्या हातावर ठेवली. ती सायकलच्या चाकाची तार होती. काकांनीच कधीतरी बिजागरीत खुपसलेली, तात्पुरती. दुसऱ्या बिजागरीतूनही तिची बहीण निघाली. झाकण मागच्या बाजूने उचललं गेलं, आणि मासा पुढे कोयंड्याला लटकून, कुणालाही आत न सोडता, चोख पहारा देत राहिला.

ज्यांनी जन्मभर कुलपांशिवाय कशाकडे पाहिलं नाही, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बिजागरी नीट पाहिली. मग डॉक्टरच आधी हसले. एकदा हसायला लागल्यावर त्यांना थांबता येईना, आणि त्यांच्यामागे सगळी खोली.

काकांनी सगळ्यांचे पैसे ज्याचे त्याला परत केले. बोनसची चौकशी करणारे विमावाल्यांकडे पाठवले. छातीवरचा धोंडा उतरला, आणि तो उतरल्यावर खाली पलंग दिसायला लागला, म्हणजे नसलेला पलंग. तेव्हा इतका वेळ धाकट्या खोलीच्या दाराशी उभा असलेला सुतार म्हणाला की मघापासून मी एकच गोष्ट बघतोय, एवढं लोखंड पेललेल्या या फळ्या एका पोरीचं वजन पेलणार नाहीत का? मांडणी तिच्या मापाचीच आहे. फक्त आडवी करायची.

मग कुलपं कुठे ठेवायची? आमच्याकडे, सगळे एकदम म्हणाले. नात आहे तोवर थोडी थोडी प्रत्येकाच्या घरी. कुणी काय न्यायचं यावर लगेच भांडण पेटलं, तेव्हा काकांना खिडकीवरच्या बाई आठवल्या. फुकट चिठ्ठ्या दिवसभर काढा म्हणाल्या होत्या. आणि मासा? काकांनी घसा साफ केला आणि सांगितलं की रविवारी माशाची सोडत काढीन असं सगळ्यांना सांगितलं होतं, तर माशाचीही चिठ्ठी टाका. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी मासा जाईल, आणि तो कायमचा. बोलताना त्यांनी माशाकडे पाहायचं टाळलं.

डॉक्टरांनी बजावलं की पेटीच्या मालकिणीचंही नाव पाहिजे, न्याय म्हणजे न्याय. चिठ्ठीही तेच काढणार, कारण त्यांचा स्वतःशिवाय कुणावर भरवसा नव्हता. त्यांनी बाही दंडापर्यंत सारली, डोळे घट्ट मिटले, पेटीत हात घालून बराच वेळ ढवळलं आणि चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायला घेतली. अर्ध्यावर त्यांचा आवाज बसला. नाव काकूंचं होतं.

कुणाला काही बोलायला जागाच राहिली नाही. संशय घ्यायचा तर डॉक्टरांच्या हाताचा घ्यावा लागला असता, आणि अर्ध्या खोलीचे दात त्याच हाताखाली होते.

संध्याकाळी नात आली तेव्हा पलंग उभा होता. त्याच्या एका कडेला पूर्वीच्या मांडणीच्या खुंट्यांची भोकं होती, त्यांत तिने लगेच बोटं घालून पाहिली. काकूंनी मासा बिस्किटांच्या डब्याला लावला. आता राहिली किल्ली. मंडळाची रीत डॉक्टरांनी जाताना पुन्हा बजावली होती: कुलूप आणि किल्ली एका हातात नाही. काकांनी आशेने हात पुढे केला. काकूंनी किल्ली दोऱ्यात ओवली आणि नातीच्या गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काका तिच्यासमोर जाऊन बसले. जरा किल्ली देतेस का, मासा फक्त पुसायचाय, असं अगदी सहज म्हणाले. नातीने किल्ली मुठीत धरली. कालपासून घरातल्या मोठ्या माणसांनी तिला सगळी हकिकत हसत हसत सांगितली होती आणि तिने ती लक्ष देऊन ऐकली होती.

"अशी कशी देऊ, आजोबा? चिठ्ठ्या काढू या," ती म्हणाली. "एक चिठ्ठी, एक बिस्कीट."

स्वयंपाकघरातून काकूंचा हसण्याचा आवाज आला. जुगार म्हणजे काय, परवानगी का लागते, हरणारे कुठे जातात, हे सगळं तिला नीट समजावून सांगायला काकांनी तोंड उघडलं. मग त्यांनी बशीतल्या बिस्किटांकडे पाहिलं आणि तीन चिठ्ठ्या घेतल्या.